वस्तू बरी आहे. पण.

सबनीससाहेब वारले. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "जाधवकाका, गणपतीच्या स्मरणिकेत साहेबांवर चार पानं काढतोय. तुम्ही जुने. दोन चांगले शब्द लिहून द्या." मी विचारलं, "चांगलेच पाहिजेत का?" त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

मी सातवी शिकलेला माणूस. फौजेत गाडी चालवली, चंडीमंदिरच्या छावणीत पेन्शन घेतली, मग इथं चंदीगडच्या मोठ्या इस्पितळाची व्हॅन चालवली आणि शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात दोन खोल्यांत राहिलो. मला लेख लिहिता येत नाही. पण साहेबांनीच एक रीत घालून दिलेली आहे. वस्तू हातात आली की आधी गुण सांगायचे, मग दोष, आणि कुणाची भीड धरायची नाही. त्याच रीतीनं लिहितो. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. साहेबांनी मेलेल्या बाईच्या फोटोलाही सोडलं नाही, ते पुढं येईलच.

तर आधी गुण.

साहेब सरकारी प्रयोगशाळेत भिंगं आणि दुर्बिणी तपासायचे. अंगानं शिडशिडीत, मान एका बाजूला कललेली, आणि काहीही बघायचं झालं की डावा डोळा मिटायचा. दुर्बीण तशीच बघायचे, जिलबी तशीच बघायचे, माणूसही तसाच. खिशात कायम एक मऊ पिवळं फडकं. कुणाच्या घरी चहाला गेले तर आधी तो पेला त्या फडक्यानं पुसणार, मग तोंडाला लावणार. घरची बाई कानकोंडी व्हायची. त्यांच्या स्वतःच्या बायकोला सवय झाली होती. ती माउली आमटी वाढायची आणि तिथंच उभी राहायची. साहेब भुरका मारायचे, डोळा मिटायचे. "आमटी बरी आहे. पण."

हे त्यांचं बोलणं. "बरी आहे" म्हणायचे, थांबायचे, मग "पण" म्हणायचे आणि पुन्हा थांबायचे. त्या दुसऱ्या थांबण्यात समोरच्याचा जीव वरखाली व्हायचा. कधी पुढचं सांगायचे, कधी नाही.

ते नव्वदीचे दिवस. बाजारात एकदम माल आला. तोवर टीव्ही म्हणजे टीव्ही, जो मिळेल तो घ्यायचा. आता बावीस सेक्टरच्या दुकानांत नजर ठरेना. आमच्या मंडळात डॉक्टर होते, युनिव्हर्सिटीतले मास्तर होते, फौजेतली, हवाईदलातली बिऱ्हाडं होती. आज आली, तीन वर्षांनी गेली. त्यांना परक्या गावात कोण सांगणार कुठली वस्तू घ्यावी? साहेब सांगायचे. लग्नाआधी पत्रिका दाखवतात तशी आमच्याकडं रीतच पडली. काहीही घ्यायचं तर सबनीससाहेबांना दुकानात घेऊन जायचं.

बावीस सेक्टरच्या बरामद्यात साहेब दिसले की गल्ल्यावरचा सरदारजी दोन्ही हात जोडायचा. "आओ जी, आओ! आ गए इन्स्पेक्टर साब. ओए, नवा पीस काढ, शोकेसवाला नको. साब को सब पता चल जाता है।" अर्धं पंजाबी, अर्धं हिंदी, आणि साहेबांसाठी कुठूनतरी शिकलेलं थोडं मराठी.

एका डॉक्टरीणबाईंना कपडे धुवायचं मशीन घ्यायचं होतं. साहेबांनी मशीन दुकानातच चालू करायला लावलं. झाकणावर एक नाणं उभं केलं. मशीन गरगरायला लागलं, नाणं थरथरलं आणि आडवं झालं. साहेब म्हणाले, "वस्तू बरी आहे. पण." सरदारजीनं कपाळाला हात लावला. दुसरं मशीन आणलं, त्यावर नाणं उभं राहिलं. बाईंनी तेच घेतलं आणि चंदीगड सोडेपर्यंत त्यांचं ते मशीन एकदाही बिघडलं नाही. हा गुण. मी नाकारत नाही. साहेबांनी दुकानदाराकडून कधी चहासुद्धा फुकट घेतला नाही, हाही गुण.

त्यांचं एक वाक्य मला फार आवडायचं. कॅमेरा बघताना म्हणायचे, "जाधव, भिंगाची परीक्षा मधोमध करू नये. मधोमध सगळीच भिंगं चांगली दिसतात. लायकी कळते ती कडेला." भिंतीच्या विटांचा फोटो काढायचे आणि चारी कोपऱ्यांतल्या विटा बघायचे. कोपऱ्यात वीट वाकडी दिसली की भिंग बाद.

मी ते वाक्य माणसांना लावून बघितलं. मंडळात मधोमध डॉक्टर, प्रोफेसर, कर्नलसाहेब. मी आणि माझी बायको हौसा कडेला. मी सतरंज्या घालायचो, ती पुरण वाटायची. तेव्हा सबनीससाहेबांची लायकी मधोमध बसलेल्यांना कळली नसेल तर त्यांचा दोष नाही. ती बघायची जागा आमची होती.

आता दोष.

इस्पितळात एक कांबळे सिस्टर होत्या. कडक बाई, एकटीनं पोरगी वाढवलेली. पोरीचं जमत आलं होतं. मुलगा अंबाल्याला रेल्वेत, चांगला वाटायचा. सिस्टर त्याला गणपतीला मंडळात घेऊन आल्या, सगळ्यांनी बघावा म्हणून. पोरगा साहेबांच्या पाया पडला, पाच मिनिटं बोलला. तो पाणी प्यायला गेला तशा सिस्टर साहेबांजवळ सरकल्या. "कसा वाटला?"

साहेबांनी डोळा मिटला. "मुलगा बरा आहे. पण."

आणि मोदकांची परात आली म्हणून उठून गेले.

सिस्टर माझ्या हौसाकडं आल्या. चेहरा उतरलेला. "वहिनी, काय बघितलं असेल हो त्यांनी?" हौसा म्हणाली, "काय न्हाई बघितलं. तोंडाला खोड हाय ती. मोदक खावा तुमी." पण सिस्टरांच्या डोक्यात ते 'पण' बसलं. आठवडाभर त्या साहेबांना गाठायला बघत होत्या. शेवटी गाठलं तर साहेब म्हणाले, "असं म्हणालो होतो का मी? आठवत नाही." तोवर बोलणं थंड पडलं होतं. त्या मुलाचं दुसरीकडं जमलं आणि सुखाचं झालं, असं ऐकलं.

हौसा त्या दिवसापासून त्यांना 'पणसाहेब' म्हणायला लागली. माझ्यासमोरच, घरात. बाहेर मान द्यायची. साहेब शिकलेले, आपण नाही, असा तिचा हिशेब. मला तो तिचा हिशेब आता डाचतो.

मग कॅमेरा आला.

आमचा दिलीप दुबईला गॅरेजात लागला होता. सुट्टीला आला तो आईसाठी एक छोटा चंदेरी कॅमेरा घेऊन आला. रीळ नाही, काही नाही. मुठीत मावायचा. मागं काडेपेटीएवढा पडदा, फोटो काढला की लगेच त्यावर दिसायचा. दिलीप मराठीत सांगायला लागला की अडखळतो, म्हणून हिंदीतच सांगून गेला, "मम्मी, ये बटन दबाओ, बस."

हौसाला कॅमेरा म्हणजे काय, खेळणंच झालं. गल्लीतली म्हैस काढली, भाजीवाला काढला, शेजारच्या सरदारणीचं उन्हात वाळत घातलेलं लोणचं काढलं. माझे तर इतके काढले की मी दाढी करतानाही दचकायचो. स्वतःचा काढू द्यायची नाही. कॅमेरा मी घेतला की पदर तोंडावर. "माजं काय बघायचंय, रोज बघताय की."

त्या उन्हाळ्यात आम्ही तिच्या माहेरी गेलो, कराडच्या बाजूला. तिची आई पार थकलेली, डोळ्यांना दिसत नव्हतं. पण लेक आली म्हणून हट्टानं तेलाची वाटी घेऊन बसली. म्हातारी दारात बसून आपल्या नातवंडं झालेल्या लेकीचे केस विंचरतेय आणि लेक मांडी घालून पुढं बसलीय. मी कॅमेरा धरला. मला वाटलं फोटो निघतोय, पण बटण दुसरंच दाबलं गेलं होतं, आणि आवाजासकट चालता-बोलता तुकडा निघाला. माझं बोट निम्म्या काचेवर. हौसा हसत ओरडते, "अवो, बोट काढा की काचंवरनं!" आणि म्हातारी विचारते, "कोन हाय गं?" हौसा म्हणते, "तुजा जावई, दुसरं कोन?" एवढंच. मग अंधार.

आम्ही परत आलो आणि पावसाळ्यात तिची आई गेली. जायला जमलं नाही. हौसाची स्वतःची तब्येत तेव्हा बिघडायला लागली होती, किडनीचं निघालं होतं. मग ती संध्याकाळी कॅमेरा घेऊन खाटेवर बसायची आणि तो तुकडा बघायची. बघता बघता सेल संपायचे, मी नवे आणायचो. फोटो कागदावर निघतात, तो तुकडा कागदावर निघणार नव्हता. तो तिथंच होता, त्या नखाएवढ्या कार्डात. त्यात तिची आई होती, आणि पदर तोंडावर न घेतलेली ती होती.

त्या वर्षी गणपतीला ती कॅमेरा मंडळात घेऊन गेली. डॉक्टरीणबाया भोवती जमल्या. "अगंबाई, हौसाबाई, डिजिटल!" साहेब आलेच. डोळा मिटला, कॅमेरा उलटासुलटा केला, पिवळ्या फडक्यानं पुसला. "आठ दिवस द्या. परीक्षा करून सांगतो."

नाही म्हणायची पद्धत नव्हती. उलट मान होता तो. हौसा खुलली. एवढं मात्र म्हणाली, "साहेब, आत फोटू हायेत हं. आईचं हायेत."

साहेब म्हणाले, "हं."

आठ दिवसांनी साहेब स्वतः मनीमाजऱ्याला आले. आमच्या घरी पहिल्यांदाच. हौसानं सकाळपासून घर लोटून काढलं, सरदारणीकडून दोन चांगले कप आणले. साहेब खुर्चीवर बसले, कॅमेरा गुडघ्यावर ठेवला आणि सुरू झाले.

"वस्तू बरी आहे. हाताला बसते. खिशात जाते, म्हणजे बरोबर राहते, आणि जो कॅमेरा बरोबर असतो तोच उपयोगाचा. उन्हात रंग खरे येतात. लाल थोडा जास्त, पण बायकांना आवडतो. भिंग मधे उत्तम, कडेला बरं." मग थांबले. "पण. सेल खातो. घरात, कमी उजेडात, फोटोला पुरळ उठल्यासारखे ठिपके येतात. फ्लॅश मारला तर माणूस पीठ फासल्यासारखा. उन्हात मागच्या पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही, आलं की नाही कळत नाही. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे आळशी आहे. बटण दाबलं की विचार करतो, मग फोटो काढतो. दाखवतो. बाई, तुम्ही तो ट्रे घेऊन इकडून तिकडे जा बघू."

हौसा चहाचा ट्रे घेऊन त्या दारातून या दाराकडं चालली. तिला दम लागत होता, तरी चालली. साहेबांनी बटण दाबलं. कॅमेऱ्यानं विचार केला आणि मग फोटो काढला. साहेबांनी पडदा माझ्यापुढं धरला. रिकामी भिंत, आणि एका कडेला हिरवं लुगडं, कोपर, ट्रेचा कोपरा. तोंड नाही.

"बघा," साहेब म्हणाले. "बाई पुढे गेली, यंत्र मागे राहिलं."

फार खूश होते. दोष असा पुराव्यासकट सापडला की त्यांचा चेहरा उजळायचा.

हौसानं ट्रे ठेवला, हात पुसले आणि लाजत म्हणाली, "साहेब, मला आईचं दावायचंय तुमास्नी. बोलती त्यात ती." तिनं कॅमेरा घेतला आणि मागं मागं जायचं बटण दाबत राहिली. विटांची भिंत. विटांची भिंत. भिंतीला टाचलेलं वर्तमानपत्र. बल्ब. पुन्हा भिंत. साहेबांचा स्वतःचा डोळा, जवळून. भिंत. आणि मग पुन्हा हिरवं लुगडं. फिरून पहिल्यापाशी आली. पुन्हा दाबत गेली.

"ते होय?" साहेब म्हणाले. "ते सगळं काढून टाकलं. कोरं कार्ड असल्याशिवाय परीक्षा खरी होत नाही."

मी म्हणालो, "साहेब, तिनं सांगितलं होतं."

"अहो, कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं असेल ना? सगळे घेतात."

"आमच्याकडं कॉम्प्युटर नाही."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. दोन्ही डोळे उघडे. "घरी कॉम्प्युटर नाही? मग डिजिटल घेतला कशाला?"

मी हौसाकडं बघितलं. तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, "तसं बघितलं होतं मी आधी. त्यात विशेष काही नव्हतं, जाधव. बरेचसे हललेले. एका फिल्मवर तर अर्धं बोटच होतं."

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. म्हातारीला बघितलं, माझ्या बायकोचं हसणं ऐकलं, आणि मग पुसलं.

हौसा म्हणाली, "साहेब, चा घ्या. गार हुतोय."

त्यांनी कप पुसला आणि चहा घेतला.

ते गेल्यावर ती रडली नाही. कॅमेरा पदरात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. मी आरडाओरडा केला, त्यांच्या घरी जातो म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ द्या. ऱ्हायलंय काय तितं आता?" मी बावीस सेक्टरात एका फोटोवाल्याला विचारून आलो. तो म्हणाला, "अंकल, सिर्फ मिटाया होता तो शायद निकल आता. पर इसके ऊपर इतनी दीवारें खींच दी हैं, अब नीचे का नहीं निकलेगा." मी घरी येऊन तिला तेवढं सांगितलं. तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं एकही फोटो काढला नाही. थंडी सरता सरता हौसा गेली.

दिलीप आला. आईचा फोटो मागायला लागला, भिंतीला लावायला. जिनं साऱ्या गल्लीचे फोटो काढले, तिचाच घरात फोटो नाही. रेशनकार्डावरचा होता, तरुणपणीचा, त्यावर अर्धा शिक्का. फोटोवाल्यानं शिक्का घासून तो मोठा केला. मोठा केला तसा तो विरला. दुधात पडल्यागत चेहरा. पण तिचा होता.

दहाव्यानंतर मंडळातली माणसं भेटायला आली. साहेबही आले. सतरंजीवर बसले. साहेबांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. मान कलली. मी बघत होतो. डावा डोळा मिटला.

"फोटो बरा आहे," साहेब म्हणाले. "पण."

मी उठलो. दारात त्यांच्या चपला होत्या. त्या उचलल्या, पायरीखाली रस्त्यावर नेऊन ठेवल्या आणि आत येऊन म्हणालो, "या आता साहेब." कर्नलसाहेब "जाधव, जाधव" करायला लागले. मी म्हणालो, "कर्नलसाहेब, तुमच्या चपला राहू द्या. ह्यांना जाऊ द्या." साहेब खरंच गोंधळले होते. काय चुकलं ते त्यांना कळलं नव्हतं, हे मला चेहऱ्यावर दिसत होतं. दार ओलांडताना म्हणाले, "मी फक्त मोठा करताना..." मी दार लावलं.

लोक मला सांगतात, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मला मान्य आहे. मनात काहीच नव्हतं. मनात वाईट असलेला माणूस निदान आपल्याला माणूस समजून दुखावतो. ह्यांनी भिंत बघितल्यासारखं आम्हाला बघितलं. कोपऱ्यातली वीट वाकडी, एवढंच.

मंडळात मी जाणं सोडलं. बरीच वर्षं गेली. साहेबांची बायको गेल्याचं ऐकलं, मी गेलो नाही. डोळ्यांचं काहीतरी झाल्याचं ऐकलं. मी देवाला काही मागितलं नव्हतं, पण ऐकून दोन घास जास्त जेवलो. खोटं कशाला लिहू.

शेवटचे दिसले ते बावीस सेक्टरच्या बरामद्यात. मी घड्याळाचा सेल घालायला गेलो होतो. भर दुपार. सरदारजीच्या दुकानात आता त्याचा मुलगा बसायचा, त्याला इन्स्पेक्टरसाहेब ठाऊक नव्हते. साहेब दुकानाबाहेर खांबाला टेकून उभे होते, हातात कुणीतरी बघायला दिलेला नवा छोटा कॅमेरा. समोरच्या रस्त्याचा फोटो काढलेला असावा. पडदा नाकाजवळ नेत होते, लांब धरत होते, पिवळ्या फडक्यानं पुसत होते, ते फडकं आता काळं पडलेलं. डावा डोळा मिटला. मग तो उघडून उजवा मिटला. उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी त्यांना दिसलं नसतं.

त्यांना जवळ कुणीतरी उभं असल्याचं कळलं. कॅमेरा माझ्यापुढं धरला. "भाईसाब, ज़रा देखना. फोटो आया क्या?"

मी कॅमेरा हातात घेतला. पडद्यावर हाताचा आडोसा केला आणि बघितलं. रस्ता, झाडं, सायकलरिक्षा, फळवाली बाई, सगळं लख्ख. कडेच्या कोपऱ्यातली पाटीसुद्धा वाचता येत होती. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नाही.

मी कॅमेरा त्यांच्या हातात परत ठेवला आणि मराठीत म्हणालो, "आलाय. बरा आहे."

मराठी ऐकून त्यांचं तोंड उजळलं. मान कलली. मी थांबलो. त्यांच्याइतकाच थांबलो.

"पण," मी म्हणालो.

आणि चालायला लागलो.

"पण काय?" मागून आवाज आला. "अहो, कोण आपण? जाधव का? जाधव, पण काय?"

दुकानांमागून दुकानं गेली, मी मागं वळून बघितलं नाही. पार रस्त्याच्या कोपऱ्यावर येईपर्यंत ऐकू येत होतं. "अहो, सांगा तर खरं! पण काय?"